पत्र्याखालचा करार

१ मार्च, रविवार

वाचनालयाचा अध्यक्ष साईनाथ सकाळी घरी येऊन गेला. मे महिन्यात वर्धापनदिनाला जाहीर वादविवाद ठेवलाय. विषय: 'जागतिक तापमानवाढ रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने राहावे की बाहेर पडावे?' 'राहावे' या बाजूने मी. साईनाथ म्हणाला, "सिद्राम अण्णा, एवढा विषय पेलणारा वडगावात दुसरा कोण हाय सांगा." मी थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. दुसरं नाव मलाही आठवलं नाही.

विरुद्ध बाजूने शिवराज. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेला, गल्लीच्या टोकाला राहतो. गल्लीत पहिला एसी त्याने लावला. म्हणजे त्याची बाजू त्याला शोभते.

विचार टिपायला ही डायरी काढली. साडीच्या व्यापाऱ्याने नवीन वर्षाला दिलेली, कोरीच पडली होती. ठरवलं: रोज पहाटे पाचला उठून दोन पानं वाचन, दोन पानं लेखन. मे पर्यंत भाषणच काय, पुस्तक होईल.

अंजनीला सांगितलं. बरं झालं म्हणाली, मग त्यातच आपल्या पत्र्याचं पण बघा. मागची शेड पत्र्याची आहे, मार्च लागला की तापते. आत चार माग. कामगार भरमा ते चालवतो, कोपऱ्यात मशीनवर अंजनी त्यांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरते. पत्र्यावर चुना मारला की आत गार पडतं असं ती गेल्या उन्हाळ्यापासून सांगते. मी म्हटलं, अगं, मी सध्या पृथ्वीचं बघतोय. तर म्हणाली, "आपला पत्रा काय पृथ्वीच्या भाईर हाय व्हय?"

बायकांना स्केल कळत नाही.

३ मार्च

पाचला उठायचं राहिलं. अलार्म वाजला होता म्हणे. अंजनी पाचला उठतेच. मला हाक का मारली नाहीस विचारलं, तर मारली होती म्हणाली. मी "अभ्यास चाललाय" म्हणून कूस बदलली.

वाचन मात्र झालं. अमेरिका जानेवारीत करारातून बाहेर पडली. हे दुसऱ्यांदा. आत, बाहेर, परत आत, परत बाहेर. एवढा मोठा देश आणि शब्दाला किंमत नाही. हा मुद्दा भाषणात सुरुवातीलाच घेणार, आवाज चढवून.

धूर शून्यावर आणायचं आपल्या देशाचं लक्ष्य दोन हजार सत्तर साल आहे. तेव्हा मी एकशेतीन वर्षांचा असेन. जबाबदारी मोठी आहे. आजच थकवा जाणवतोय.

८ मार्च, रविवार

संदर्भासाठी वाचनालयात गेलो. विषयावर एकच पुस्तक निघालं, चौथीचं परिसर अभ्यासाचं, त्यातही मधली पानं नाहीत.

भावकू आजोबा पेपर धरून बसले होते. ते रोज सगळ्यांच्या आधी येतात आणि पेपर सोडत नाहीत. मला म्हणाले, सामील व्हायचं का नको ह्यावर तुझं भाषण हाय म्हणं. "अरे, ते तर आम्ही चड्डीत होतो तवापासनं ऐकतोय. आता बेळगावानं इकडं ऱ्हायचं का तिकडं, काय ठरवलंय त्येनी?" मी समजावलं की हे सामील होणं वेगळं. ह्यात सगळं जग आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "सगळं जग महाराष्ट्रात?"

मी पेपरची मागणी केली आणि विषय संपवला. त्यांनी पेपर दिला नाही.

१२ मार्च

भाषणाचं पहिलं वाक्य तयार: 'अध्यक्षमहाशय, पृथ्वी तापते आहे.' साधं पण वजनदार. पुढचं सुचेना. चार मागांच्या खडखडाटात माणसाला आंतरराष्ट्रीय विचार करता येत नाही. थोडा वेळ बंद ठेवता येतील का विचारायला शेडमध्ये गेलो. अंजनी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन कांड्या भरत होती. म्हणाली, "वरनं पत्रा, खालनं मशीन. भाकरीगत दोन्ही बाजूंनी भाजतंय बघा."

परत येऊन लगेच लिहून ठेवलं: 'पृथ्वी दोन्ही बाजूंनी भाजते आहे.' दुसरं वाक्य झालं.

चुन्याचा विषय तिने परत काढला. मी शांतपणे समजावलं. एका पत्र्याने काय फरक पडतो? मागच्या गल्लीत चोवीस मागांची शेड आहे. तापवतात ते, आणि चुना आम्ही मारायचा? आधी त्यांनी मारावा. मग आम्ही आहोतच की. तिने ऐकून घेतलं आणि मशीन सुरू केलं. पटलं असावं.

१९ मार्च, पाडवा

मनिषा आली होती. चिकोडीला हायस्कूलमध्ये सायन्स शिकवते. गुढी उभारल्यावर आईला हाक मारायला शेडमध्ये गेली आणि लगेच बाहेर आली. घामाने चेहरा लाल. "पप्पा, हे असं चालणार नाही," म्हणाली. मग तिथंच गुढीसमोर तिने सगळ्यांना उभं केलं आणि करार केला. एक, पावसापर्यंत दुपारी बारा ते चार माग बंद. दोन, भरमाचं काम कमी व्हायला नको म्हणून सकाळी सहाला माग सुरू. शेड मी उघडायची. तीन, महिनाअखेर पत्र्यावर चुना. चार, शेडमध्ये एक पंखा.

मला फार आनंद झाला. सभेत सांगायला जिवंत उदाहरण मिळालं. मी दोन शब्द बोललो. छोटे देश मोठ्यांना वाट दाखवतात वगैरे. भरमाने टाळ्या वाजवल्या. अंजनी पुरणाकडे बघायला गेली होती, तिचं ऐकायचं राहिलं.

जेवण जड झालं. लेखन उद्या.

२० मार्च

शेड आठला उघडली. सुरुवातीला सगळ्याच करारांत थोडी ढिलाई असते. त्याला संक्रमणकाळ म्हणतात. भरमा सहापासून पायरीवर बसला होता. उद्यापासून किल्ली त्याच्याकडेच देणार. जबाबदाऱ्यांचं वाटप हे कराराचं मूळ तत्त्व आहे.

२३ मार्च

दुपारी माग बंद. एवढी शांतता ह्या घरात मी कधी ऐकली नव्हती. शांततेत विचार चांगले होतात म्हणून आडवा झालो. साडेचारला उठलो. विचार झोपेत झाले असावेत, आठवत नाहीत.

अंजनीच्या चेहऱ्यावर जरा तजेला दिसतो. करार यशस्वी. साईनाथला फोन करून कळवलं. त्याला वाटलं मी कर्जाचा करार केला.

३१ मार्च

महिनाअखेर. चुन्याचं राहिलं. कारण माझ्या हातात नव्हतं. इचलकरंजीहून सुताची गाडी येत होती, ती कोगनोळीच्या सीमानाक्यावर कागदपत्रांसाठी अडवली. दिवसभर फोनवर. एका फोनवर मराठी, दुसऱ्यावर कन्नड, तिसऱ्यावर ड्रायव्हरच्या शिव्या. चुन्याच्या दुकानाकडे मान वळवायलाही सवड नाही.

पंधरा एप्रिलपर्यंत मुदतवाढ दिली. मोठमोठ्या परिषदांत शेवटच्या रात्री हेच करतात, पेपरात वाचलंय.

पंखा मात्र आणला. शेडमध्ये लावून बघितला, तर धागे हलायला लागले. भरमा म्हणाला, अंजनी वहिनींच्या कोपऱ्याकडं तोंड केलं तर धाग्याला लागणार न्हाई. पण धोका कशाला पत्करा? सध्या समोरच्या खोलीत माझ्या टेबलाजवळ ठेवलाय. अभ्यासाला बरा पडतो.

३ एप्रिल

व्यापाऱ्याचा फोन. अक्षय तृतीयेच्या आत साड्या हव्यात, लग्नसराई आहे. मोठी ऑर्डर. बारा ते चार बंद ठेवून होणार नाही. बराच वेळ विचार केला, निदान चहा संपेपर्यंत. मग करारातून तात्पुरती माघार घेतली. अंजनीला सांगितलं. ती काही बोलली नाही, टॉवेल भिजवायला गेली. मौन म्हणजे संमती.

भरमा बोलला. "मालक, तुम्ही तर अमेरिकेगत केलासा." माझी तालीम तो मागाजवळून ऐकतो असं दिसतं. त्याला फरक सांगितला. अमेरिका श्रीमंत आहे, तिला थांबून चालतं. आम्हाला अजून वर यायचं आहे. आम्ही आत्ताच थांबलो तर वर येणार कधी? तो म्हणाला, "वर तर पत्रा हाय."

कामगारांना विनोदाची सवय लागली की कामावर परिणाम होतो.

७ एप्रिल

चहाच्या गाड्यावर शिवराज भेटला. तयारी काहीच नाही त्याची. मुद्दे सांगितले त्याने न लाजता. ज्यांनी आधी धूर केला त्यांनी आधी निस्तरावं. आमचा वाटा तो केवढा! आम्ही एकट्यांनी थांबून जगाचं काय होणार? आम्हाला अजून वर यायचंय. आधी मदत द्या, मग बघू. हे असलं! मला हसू आवरेना. किती तकलादू. हा माणूस सभेत उभा राहणार कसा?

घरी येऊन अंजनीला एकेक मुद्दा सांगितला. तिने हातातली कांडी खाली ठेवली आणि विचारलं, "शिवराज अण्णांनी हे तुमच्याकडनं घेतलंय काय?"

मलाही तोच संशय येतोय. आपल्या कल्पना लोक उचलतात. भाषण कुणाला दाखवायचं नाही. दोनच वाक्यं झालीत, पण तरी.

१२ एप्रिल, रविवार

ऊन फार. लहानपणी बेळगावात पंखा म्हणजे मंगलकार्यालयातली वस्तू होती. बाहेरची माणसं म्हणायची, हे गरिबांचं महाबळेश्वर. आता महाबळेश्वर गेलं, गरीब तेवढे राहिलेत. हे वाक्य बरं आहे, पण भाषणात कुठल्या बाजूला घालायचं कळेना.

आरशासमोर उभं राहून तालीम. हातवारे जमले. मजकूर आला की झालं.

पंधरा तारखेच्या चुन्याचं: आधी ऑर्डर.

१७ एप्रिल

दुपारी अंजनी पडली.

मी आरशासमोर होतो. भरमाची हाक ऐकली, मग माग एकेक करून थांबले. शेडमध्ये गेलो तर ती मशीनजवळ आडवी. डोळे उघडे, पण बघत नव्हती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घाम नाही. भरमाने माठातलं पाणी तिच्या अंगावर ओतलं. मी पंखा आणायला समोरच्या खोलीत धावलो, प्लग निघेना. रिक्षाने दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. संध्याकाळी नीट बोलली. धोका टळला म्हणाले.

कामाची जागा कशी आहे म्हणून डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. ते नर्सकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी बोलले. मला कन्नड चांगलं येतं. त्या वेळी येत नाही असं ठरवलं.

घरी आल्यावर डायरी उघडली. काही सुचत नाही.

२० एप्रिल

मनिषा परवापासून इथं होती. माझ्याशी कामापुरतं बोलली. "चहा ठेवलाय" आणि "बाजूला व्हा" एवढंच. आईला चिकोडीला न्यायचा विचार होता, पण चिकोडीला आमच्याहून जास्त ऊन. मग जवळच शहापूरला, अंजनीच्या माहेरी न्यायचं ठरलं. तिचा भाऊ मष्णू तिथंच राहतो. त्यांचेही माग आहेत, पण घर जुनं कौलारू, उंच, आणि मागच्या दाराला मोठं चिंचेचं झाड. चार दिवस विश्रांती होईल.

जाताना अंजनीने मला दोन गोष्टी सांगितल्या. साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे, आणि भरमाचा माठ रोज सकाळी भरून ठेवायचा. मी म्हटलं, तू काळजी करू नको, सगळं माझ्याकडं लागलं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळताना तिने मागं बघितलं असावं. डोक्यावर पदर होता, नीट कळलं नाही.

ऑर्डर वेळेत गेली नाही. व्यापारी काय काय बोलला. ह्या लोकांना माणुसकी नाही. अंजनी आजारी आहे म्हणून मी त्याला सांगितलंसुद्धा.

२४ एप्रिल

चहा, खिचडी, चहा. साखरेचा डबा सापडला. मिठाचा नाही.

कांड्या भरायला मालुबाईंना बोलावलं, शेजारच्या गल्लीतल्या. अंजनीच्या जागेवर बसल्या आणि सकाळ संपायच्या आत पदराने वारा घेत बाहेर आल्या. "ह्या भट्टीत कोण बसायचं, बाबा? ती बसत हुती म्हणून काय सगळी बसतील?" मी म्हटलं, तुम्हाला सवय नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हास्नी तरी हाय व्हय?" आणि चप्पल घालून गेल्या.

अंजनीला फोन केला. बरी आहे. आवाज मोकळा वाटला. मी जेवलो का विचारलं. मी जेवलो नव्हतो, पण माघार नको म्हणून हो म्हटलं.

२९ एप्रिल

भरमा काम सोडून गेला. कांड्या नाहीत म्हणजे माग नाहीत, नुसतं बसून काय करू म्हणाला. खरं कारण त्याने नंतर सांगितलं. मष्णूकडे एक मागवाला हवाय. जाताना एकेका मागाला हात लावून कपाळाला लावला. मग किल्ली माझ्या हातात दिली. माठ कोरडाच होता. दोन दिवस भरायचं राहिलं होतं माझ्याकडून, सभेचं टेन्शन.

एका अर्थी चांगलं झालं. आता अडथळा कोणताच नाही. आवाज नाही, माणसं नाहीत. उद्यापासून पूर्ण वेळ भाषण.

३ मे

भाषण: दोन वाक्यं.

मनिषाचा फोन आला. करारातलं एक तरी कलम पाळलंत का पप्पा, म्हणून विचारलं. मी सांगितलं की दुपारी बारा ते चार माग बंद आहेत. खोटं काय त्यात?  शाळेची घंटा वाजली म्हणाली आणि तिने फोन ठेवला. सुट्टीत कसली घंटा?

फार थकायला होतं. काही न करता एवढा थकवा येतो, म्हणजे हवेचाच परिणाम. हा मुद्दा अजून कुणी मांडलेला नाही.

१० मे, रविवार

सभा झाली. नीट लिहून ठेवतो, कारण लोक उद्या वेगळंच सांगतील.

इस्त्रीचा शर्ट सापडला नाही, कुर्ता घातला. वाचनालयाच्या हॉलमध्ये बऱ्यापैकी लोक होते. उप्पीट ठेवलं होतं. साईनाथ दारातच मला कोपऱ्यात घेऊन गेला. शिवराज नाही! बेंगळूरला मुलाकडं गेला. ह्या उकाड्यात इथं राहवत नाही म्हणे, तिथं गार आहे. साईनाथने हात जोडले. "अण्णा, दोन्ही बाजू तुम्हीच मांडा. पब्लिक बसलंय."

आधी माझी बाजू. उभा राहिलो. 'अध्यक्षमहाशय, पृथ्वी तापते आहे.' लोकांनी माना हलवल्या. 'पृथ्वी दोन्ही बाजूंनी भाजते आहे.' एका बाईने अगं बाई म्हटलं. मग अमेरिकेवर आवाज चढवला. आत, बाहेर, आत, बाहेर. मग पाणी प्यायलो. मग कागद उलटा केला, मागं काही नव्हतं. म्हणून आपण करारात राहावं, एवढं म्हणून बसलो. उप्पिटाचा वास येत होता. टाळ्या झाल्या, पण पातळ.

साईनाथने आता विरुद्ध बाजू पुकारली. म्हटलं, ह्या बाजूची तयारीच नाही, दोन मिनिटांत आटपू. पण उभा राहिलो आणि काय झालं मला कळलं नाही. कागद नाही, पाणी नाही, शब्दाला शब्द लागून येत गेले. तापवलं त्यांनी, आणि चुना आम्ही मारायचा? एका पत्र्याने काय फरक पडतो? आमचे चार माग, त्यांचे चोवीस. आम्ही थांबलो तर वर येणार कधी? आधी लग्नसराई जाऊ द्या. आधी सुताची गाडी सुटू द्या. पंखा लावला तर धागे हलतात! लोकांना वाटलं मी उदाहरणं देतोय. भारताला माग म्हणतोय आणि जगाला मागची गल्ली. भावकू आजोबा पुढच्या खुर्चीतून "वाहवा" म्हणाले. कुणीतरी शिट्टी मारली. मी घामाने भिजलो, पण थांबवेना. साईनाथने दोनदा घंटी वाजवली तेव्हा बसलो.

मग हात वर करून मत घेतलं. जवळजवळ सगळे बाहेर पडावे या बाजूने. वडगाव करारातून बाहेर. एका तरुण मुलीने विचारलं, मग उष्णतेचं काय करायचं? तिला उप्पीट दिलं.

उत्कृष्ट वक्ता म्हणून मला शाल घातली. लोकरीची. मे महिन्यात. फोटो काढेपर्यंत काढता येईना.

म्हणजे मी जिंकलो. हरलोही मीच, पण तो तांत्रिक मुद्दा आहे.

१२ मे

शाल घेऊन शहापूरला गेलो. स्कूटरवर जायला वेळ तो किती, पण तीन आठवडे जमलं नव्हतं. सभा होती.

अंजनी मागच्या दारी चिंचेखाली बसली होती, मष्णूच्या बायकोबरोबर शेंगा फोडत. अंगाने भरल्यासारखी दिसली. आत माग चालू होते, भरमाचाच हात, ऐकला की कळतो. घरात शिरताना मला वाटलं कुणीतरी पाणी शिंपडलंय, एवढं गार. कौलाचं घर.

मी शाल दाखवली. अंजनीने हात फिरवून बघितली, सूत चांगलं आहे म्हणाली. काय बोललासा ते म्हणून दाखवा म्हणाली. मी ते दुसरं भाषण म्हणून दाखवलं, जे गाजलं ते. सगळं, हातवाऱ्यांसकट. मष्णूची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. भरमा दारात येऊन उभा राहिला. अंजनी हसली नाही. शेंगा फोडत ऐकत राहिली. संपल्यावर म्हणाली,

"हे मला तोंडपाठ हाय."

मग म्हणाली, आता दुसरं म्हणा, ऱ्हावं म्हणायचं. मी दोन वाक्यं म्हटली. दुसरं ऐकून ती म्हणाली, ते तर मी म्हटल्यालं. मी म्हटलं, विचार कुणाच्या मालकीचे नसतात. ती बरं म्हणाली.

घरी कधी येतेस विचारलं. तिने शेंगांची टरफलं सुपात गोळा केली, उठली. म्हणाली, इथं मष्णूला कांड्या भरणारं कुणी नाही. वहिनीची पाठ दुखते. आणि मला इथं बरं वाटतंय. "माझं मशीन रविवारी मष्णू घिऊन येईल. तुम्ही घरात असा." रागाने म्हणाली असती तर समजूत घातली असती. ती तर मला थांबून जेवून जायचा आग्रह करत होती.

जेवलो. आमटी तिनेच केली होती.

चुन्याचं तिने नावसुद्धा काढलं नाही. म्हणजे तो विषय संपला असं समजायला हरकत नाही.

१४ मे

तरीही चुन्याच्या दुकानात गेलो. नाही गेलो असं कुणी म्हणायला नको. दुकानदार म्हणाला, घेऊन जावा, आत्ता आहे. एका सकाळचं काम आहे म्हणाला. मी बाहेर येऊन आभाळाकडे बघितलं. पश्चिमेला ढग होते. आता मारला तर पावसात धुवून जाणार. वाया.

पुढच्या मार्चचं लक्ष्य ठेवलं. लक्ष्य जरा लांबचं असलं की माणूस गंभीरपणे घेतो. अंजनीला फोन करून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मी जेवलो का विचारलं.

१७ मे, रविवार

मष्णू टेम्पो घेऊन आला. बरोबर माणूस आणायला विसरला. "दाजी, एका बाजूनं तुम्ही धरतासा काय?" मी धरलं. कांड्यांचं मशीन दिसतं तेवढं हलकं नाही. पत्र्याखालून दारापर्यंत आणेतो माझा श्वास फुलला. उंबऱ्यावर दोघांनी टेकवलं. मष्णू म्हणाला, "आक्का एकटी हलवती की हे, झाडताना." मग टेम्पोत चढवलं. तिचा बसायचा पाट मात्र न्यायला विसरला. हाक मारेपर्यंत टेम्पो वळला होता.

शेडमध्ये परत आलो. चार माग उभे, कोपरा मोकळा. फरशीवर मशीनच्या पायांचे चार पांढरे ठसे.

पाट तिच्या जागेवर टाकला आणि बसून बघितलं. सहजच. घरातली एक जागा, तिथं मी कधी बसलो नव्हतो. वर हात केला तर पत्रा हाताला लागेल असं वाटतं, इतका खाली उतरलाय त्या कोपऱ्यात. मशीन नव्हतं, माग बंद होते, तरी कानात काहीतरी वाजायला लागलं. कुर्ता अंगाला चिकटला. म्हटलं, निदान एक कांडी भरायला लागते तेवढा वेळ बसू. पण एका कांडीला किती वेळ लागतो ते मला माहीत नाही.

उठलो. समोरच्या खोलीत येऊन पंख्यासमोर बसून हे लिहितोय. कुर्ता अजून वाळलेला नाही.

आज ऊन नेहमीपेक्षा जास्त असावं.